वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं : समाजकार्य शिकायचं म्हणजे नक्की काय शिकायचं?

या वेळी एमएसडब्ल्यूवर, म्हणजे समाजकार्यातल्या मास्टर्स डिग्रीवर, इतकी पत्रं आलीत की बाकीचे विषय पुढच्या अंकात ढकललेत. बहुतेक पत्रं रत्नागिरी-सिंधुदुर्गातली, थोडी रायगडातली. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढलीत, आणि गाव ओळखू येईल असं काही असेल तर तेही बदललंय.

प्रश्न : ताई, मी गुहागर तालुक्यातली, टीवायबीएला आहे, सोशॉलॉजी. मला एमएसडब्ल्यू करायचंय. बाबा म्हणतात समाजसेवेला डिग्री कशाला लागते, चिपळूणच्या पुरात अख्खा गाव भाकऱ्या घेऊन गेला तेव्हा कोणी सर्टिफिकेट विचारलेलं का. त्यांचं म्हणणं बीएड कर नाहीतर बँकेच्या परीक्षा दे. मला त्यांना उत्तर देता येत नाही. आणि करायचंच झालं तर कुठे करू?

उत्तर : बाबांचं अर्धं बरोबर आहे, ते आधी मान्य करून टाक म्हणजे भांडण निम्मं तिथेच संपेल. भाकरी द्यायला डिग्री लागत नाही, आणि २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा लोकांनी जे केलं त्याला तोड नाही. पण बाबांना पुढचं विचार. पाणी उतरलं, चिखल काढला, टेम्पो परत गेले, मग काय झालं? भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याचं नाव पंचनाम्यात आलं का, जिचं रेशनकार्ड, आधार सगळंच वाहून गेलं तिने पहिल्यांदा कुठल्या टेबलावर जायचं, दुकान गेलं म्हणून रात्र रात्र जागणारा माणूस घरात कोणाशीच बोलत नाही त्याच्याशी कोणी बोलायचं, आणि मदत रस्त्याकडेच्या घरांना दोनदा-तीनदा मिळाली पण आत कातकऱ्यांच्या घरांपर्यंत गेली का, नसेल तर का नाही. हे प्रश्न वेळेवर सुचणं आणि सुचल्यावर कोणाच्या दारात जायचं ते माहीत असणं, हे शिकावं लागतं. चांगलं मन सगळ्यांकडे असतं, निदान पूर आला की असतंच. एमएसडब्ल्यू ते मन द्यायला नाही, त्याला शिस्त लावायला आहे.

पुस्तकात सहा पद्धती आहेत, मुलं त्यांना केसवर्क, ग्रुपवर्क, सीओ अशीच म्हणतात, केसवर्क म्हणजे एकेका माणसाबरोबरचं काम, ग्रुपवर्क गटाबरोबरचं, सीओ म्हणजे समुदाय संघटन, आणि मग संशोधन, समाजकल्याण प्रशासन, सामाजिक कृती. परीक्षेपुरतं ते पाठ होतं. पण या कोर्सचा जीव फील्डवर्कमध्ये आहे. साधारण आठवड्याचे दोन दिवस तुला एखाद्या हॉस्पिटलात, वस्तीत, शाळेत, बालगृहात नाहीतर संस्थेत पाठवतात, तिथे काय केलंस ते लिहून द्यायचं (त्याला रेकॉर्डिंग म्हणतात) आणि त्यावर सुपरवायझर तुझ्याशी बसून बोलतात. वर्षाच्या शेवटी ब्लॉक प्लेसमेंट, म्हणजे सलग काही आठवडे एकाच ठिकाणी काम. पहिले दोन-तीन महिने सगळ्यांनाच वाटतं की आपण तिथे जाऊन नुसत्या खुर्च्या मोजतोय, तुलाही वाटेल, वाटू दे.

आणि बाबांना मुरुडची आठवण करून दे, आपल्या दापोलीजवळच्या. धोंडो केशव कर्वे तिथलेच. १८९३ ला त्यांनी विधवेशी लग्न केलं म्हणून गावाने त्यांना वाळीत टाकलं, आणि १८९६ ला त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. एकट्याच्या चांगुलपणावर ते काम टिकलं नसतं, त्यासाठी संस्था उभी करावी लागली, दारोदार पैसे जमवावे लागले, माणसं तयार करावी लागली. आज त्यांच्याच नावाची पुण्यातली कर्वे समाजसेवा संस्था एमएसडब्ल्यू शिकवते, १९६३ पासून. तेव्हा हा विषय कोकणाला काही परका नाही.

आता कुठे. टाटा इन्स्टिट्यूट, म्हणजे टिस, सगळ्यात जुनी. १९३६ ला मुंबईत नागपाड्याला सुरू झाली, क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचे अमेरिकन मिशनरी तिथे कामगार वस्तीत नेबरहूड हाऊस (वस्तीतल्या लोकांसाठीचं केंद्र) चालवत होते त्यातूनच ती उभी राहिली. म्हणजे आपले चाकरमानी ज्या मुंबईत दाटीवाटीने राहत होते त्या मुंबईतच या शिक्षणाचा जन्म झाला, हे मला फार आवडतं. तिथल्या प्रवेशाला आता सीयूईटी-पीजी ही देशभरातली प्रवेशपरीक्षा द्यावी लागते आणि त्याचे फॉर्म हिवाळ्यातच निघतात, टीवायचा निकाल लागल्यावर शोधाशोध केलीस तर वर्ष गेलं. मुंबईत चर्चगेटजवळ निर्मला निकेतन आहे, १९५५ चं. पुण्यात कर्वे. कोल्हापूरला सायबर नावाची संस्था, सिंधुदुर्गातल्या मुलांना ते सोयीचं पडतं, गगनबावडा नाहीतर फोंडा घाट चढला की झालं. तुला गुहागरहून सगळंच लांब आहे त्यामुळे अंतराचा विचार सोड आणि हॉस्टेल कुठे मिळतं ते बघ. कुठल्याही शाखेचा ग्रॅज्युएट एमएसडब्ल्यूला चालतो, बऱ्याच कॉलेजांत लेखी परीक्षेबरोबर मुलाखत आणि गटचर्चा असते. तिथे "मला लोकांची सेवा करायची आहे" हे वाक्य तेवढं म्हणू नकोस, समोरच्यांनी ते सकाळपासून पन्नासदा ऐकलेलं असतं. त्यापेक्षा तुझ्या गावातला एक प्रश्न नीट सांग, तुझ्या वाडीत म्हातारी माणसं एकटी किती आहेत, त्यांची औषधं कोण आणतं, मुंबईहून येणारे पैसे गणपतीनंतर का आटतात, असं काहीतरी.

कॉलेज ठरवायच्या आधी तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठून एवढंच विचार की सुपरवायझर दर आठवड्याला बसतात का. काही ठिकाणी फील्डवर्कच्या वहीवर नुसत्या सह्या होतात, तसल्या डिग्रीपेक्षा बाबांची बँकेची परीक्षा खरंच बरी. फी भरायच्या आधी महाडीबीटी पोर्टलवर तुझ्या प्रवर्गाला आणि उत्पन्नाला कुठली शिष्यवृत्ती लागू होते ते बघ, आणि कॉलेजच्या ऑफिसात "हा कोर्स त्या यादीत आहे का" हे स्पष्ट विचारून घे. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढायला टाक, तहसीलला जूनमध्ये मुंगीला पाय ठेवायला जागा नसते.

प्रश्न : नमस्कार ताई. मी एमएसडब्ल्यू भाग दोनला, कॉलेज बाहेर, घर दापोली तालुक्यात. ब्लॉक प्लेसमेंट मुद्दाम आपल्याच तालुक्यात मागून घेतली, घरी राहता येईल, खर्च वाचेल म्हणून. महिला समुपदेशन केंद्रात आहे. पहिल्याच आठवड्यात आली ती आमच्या भावकीतली वहिनी, शेजारच्या वाडीतली. नवरा दारू पिऊन मारतो. आता आई विचारते ती तुझ्याकडे कशाला आलेली, स्टँडवर तिच्या सासूने पण विचारलं, आणि तिचा नवरा म्हणजे माझा चुलतदादाच, तो सारखा फोन करतो. आप्पा म्हणतात पोलीसबिलीस नको, गावकीत बसवून मिटवू. मी काय करू, केस सोडू का?

उत्तर : हो, केस सोड. तिला सोडू नकोस, केस सोड. आजच सुपरवायझरला आणि केंद्रातल्या मॅडमना सांग की ही माझ्या भावकीतली आहे आणि नवऱ्याशी माझं रोजचं बोलणं आहे, आणि ती केस त्यांच्याकडे दे. पण हे वहिनीला तू स्वतः, समोर बसून, मॅडमच्या देखत सांगायचंस, कारण दुसऱ्याकडून कळलं तर तिला वाटणार की घरच्यांनी कान भरले आणि याने हात झटकले. तिला सांग की मी नात्यातला आहे म्हणून मॅडम बघतील, तुम्ही जे बोललात ते माझ्याकडून बाहेर जाणार नाही.

तुझा प्रश्न मी मुद्दाम मोठा घेतेय कारण कोकणात हे काम करणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी भोगावं लागतं आणि पुस्तकं यावर फारशी बोलत नाहीत. पुस्तकातली गोपनीयता शहरातली आहे, तिथे क्लायंट आणि वर्कर एकमेकांना आयुष्यात पहिल्यांदा भेटतात. आपल्याकडे आडनाव, वाडी आणि "कोणाचा तू?" एवढ्यात सगळी कुंडली निघते. केंद्राच्या दारातल्या चपला बघून लोक ओळखतात आत कोण बसलंय. ती कुठल्या एसटीने आली, कुठल्या स्टॉपला उतरली, हे कंडक्टरला ठाऊक असतं. त्यामुळे आपल्याकडे नुसतं तोंड बंद ठेवून भागत नाही, तोंड कसं बंद ठेवायचं त्याचीही सवय करावी लागते.

आईला खोटं सांगू नकोस की ती आलीच नव्हती, आणि आली होती असंही नको. एकच वाक्य ठरव आणि सगळ्यांना तेच सांग, "केंद्रात कोण येतं ते मी घरी बोलत नाही आई, उद्या तू आलीस तरी मी कोणाला सांगणार नाही." शेवटचा तुकडा महत्त्वाचा आहे, त्याने आईचा राग निम्मा उतरतो. आणि हे वाक्य साध्या चौकशीलाही वापरायचं, म्हणजे कोणी विचारलं अमकी तुमच्याकडे शिलाई मशीनच्या फॉर्मसाठी आली होती का, तरी हेच. नाहीतर काय होतं, साध्या गोष्टी तू सांगतोस आणि नाजूक गोष्टीला गप्प बसतोस, मग तुझं गप्प बसणं हेच उत्तर होऊन जातं. सासूला स्टँडवर पण हेच, हसून, आणि लगेच विषय बदल.

दादाला मात्र साफ सांग, "या विषयावर मी तुझ्याशी बोलणार नाही, मॅडमचा नंबर घे." त्याची बाजू ऐकून घ्यायची नाही, "तूच तिला समजाव" याला हो म्हणायचं नाही, संध्याकाळी पारावर तर अजिबातच नाही. तो किती वेळा आणि काय म्हणून फोन करतो ते तारखेसकट लिहून ठेव आणि मॅडमना दाखव, उद्या धमकीवर गेला तर ते लागेल.

आता आप्पांचं गावकी प्रकरण. गावकीला सरसकट नावं ठेवणारी मी नाही. पाणंद साफ करायची, विहिरीचा गाळ काढायचा, पालखीचा मान, बांधाचं भांडण, यात गावकी जे करते ते कुठल्या सरकारी योजनेला जमत नाही. पण मारहाण हा काही बांधाचा वाद नव्हे. त्या बैठकीत तिच्या बाजूने बोलायला कोण असणार? कित्येक वाड्यांत बायकांना बैठकीला बोलवतच नाहीत. तिथे ठरतं ते एवढंच, त्याने कमी प्यायची, तिने नांदायचं, आणि शिमग्यापर्यंत परत तेच. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा आहे त्यात तिला संरक्षणाचा आदेश मागता येतो, राहत्या घरातून तिला काढता येत नाही, खर्चासाठी पैसे मागता येतात. संरक्षण अधिकारी असतात महिला व बालविकास विभागाचे, त्यांच्याकडे तक्रार नोंदवता येते, १८१ ची महिला हेल्पलाईन आहे, आणि मारहाण चालूच असेल तर सरळ ११२. यातलं काय करायचं आणि कधी, हे ती ठरवेल. तू नाही, मॅडम नाहीत आणि आप्पा तर नाहीतच. ती म्हणाली मला अजून काही करायचं नाही, फक्त बोलायचं होतं, तर तेही काम आहे. मात्र जिवाला धोका आहे का, घरातून निघायची वेळ आली तर मुलांना घेऊन कुठे जाणार, कागद कुठे ठेवलेत, हे मॅडम तिच्याशी बोलून ठेवतील.

आणि उद्या गावकीने "ऐकत नाही ना, मग यांच्या घरी कोणी जायचं नाही" असं काही काढलंच, तर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा आपल्याच महाराष्ट्राचा आहे, रायगडातल्या वाळीत टाकायच्या प्रकरणांची त्या आधी राज्यभर चर्चा झाली होती. तीन वर्षांपर्यंत कैद नाहीतर एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आप्पांना धमकी म्हणून ऐकवू नकोस, माहिती म्हणून तुझ्याकडे असू दे.

गोपनीयतेलाही मर्यादा आहेत बरं का. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते पोटात ठेवायचं नाही, २०१२ च्या पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, "विश्वासाने सांगितलं होतं" ही सबब तिथे चालत नाही. कोणी जीव द्यायचं बोललं तरी सुपरवायझरला त्याच दिवशी सांगायचं. उलट एखाद्याचा एचआयव्ही रिपोर्ट त्याच्या संमतीशिवाय कोणाला सांगायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे, त्याच्या बायकोच्या सख्ख्या भावालाही नाही. हे फरक परीक्षेत दोन मार्कांना येतात, फील्डवर एखाद्याच्या आयुष्याला येतात.

रेकॉर्डिंगचं पण बघ. तू "अ नावाची महिला" लिहिलंस आणि पुढे "नवरा हर्णैच्या बोटीवर तांडेल, दोन मुली, मोठी नववीत" असं लिहिलंस तर नाव झाकून काय उपयोग, अख्खं बंदर ओळखेल. धंदा बदल, मुलांची इयत्ता काढ, वाडीचा उल्लेख नको. वही घरी टेबलावर पडू द्यायची नाही. केंद्रातले फोटो स्टेटसला टाकायचे नाहीत, पाठमोरे सुद्धा नाहीत, साडीवरून माणूस ओळखतात आपल्याकडे.

उरलेली प्लेसमेंट शेजारच्या तालुक्यात करता येते का ते कॉलेजला विचार, महिन्याचं खोलीभाडं गेलं तरी चालेल. आपल्याच गावात काम करू नये असं माझं म्हणणं नाही, उलट शिकून परत येणारी माणसंच पाहिजेत. पण विद्यार्थी असताना आधी थोडं परक्या ठिकाणी शिकलेलं बरं.

प्रश्न : मी गेली बरीच वर्षं आशा गटप्रवर्तक आहे, वय ३८, बीए झालंय. आता एमएसडब्ल्यू करावंसं वाटतं पण घर, मुलं, नोकरी सोडून बाहेर जाणं शक्य नाही. इग्नूमधून (इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठातून) केलं तर चालतं का? की उगाच कागद?

उत्तर : ताई, चालतं. इग्नूचं एमएसडब्ल्यू आहे आणि त्यातही फील्डवर्क सक्तीचं आहे, नुसत्या असाइनमेंट लिहून सुटका नाही, तेव्हा ते कोण आणि कुठे बघणार हे अभ्यासकेंद्रात आधीच विचारून घ्या. प्रवेश घेताना त्या सत्राला यूजीसीची मान्यता आहे ना तेही तपासा. आणि तुम्हाला पुढे ज्या पदासाठी हे करायचंय त्याची जुनी जाहिरात काढून पात्रतेची ओळ वाचा, कुठे कुठे "नियमित" असं लिहिलेलं असतं. फील्डवर्क मात्र तुमच्या रोजच्या आरोग्याच्या कामात बसवू नका, सोपं पडेल पण हाती काही लागणार नाही. शाळा घ्या, नाहीतर रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय तुम्हाला पोचण्यासारखं असेल तर तिथे परवानगी मिळते का बघा. बरे झालेले पेशंट घरचे न्यायला येत नाहीत तेव्हा काय करायचं, हे तिथे शिकाल ते वर्गात शिकवता येत नाही. लोकांच्या घरात शिरून बोलायचं कसं हे तुम्हाला बावीस वर्षांच्या पोरांपेक्षा कितीतरी चांगलं येतं, तो भाग तुमचा झालेलाच आहे.

प्रश्न : ताय, माजो झील (मुलगा) मुंबयक एमएसडब्ल्यूच्या पयल्या वर्साक आसा. हय लोक इचारतत झील काय शिकता, मी सांगतंय समाजकार्य, तर म्हणतत म्हणजे पुढारी होतलो काय. खरा सांगा, तेका नोकरी गावतली मा? पगार कितको?

उत्तर : काकी, पुढारी काय तो होवचो नाय, काळजी करू नकात. नोकरी मिळते, पण कायमची लगेच मिळेल असं मी सांगणार नाही. सरकारी हॉस्पिटलात समाजसेवा अधीक्षक हे पद असतं, ते चांगलं, पण जागा थोड्या आणि जाहिरात कधी निघेल त्याचा नेम नाही. जिल्हा बाल संरक्षण कक्ष, एचआयव्ही तपासणी केंद्रातले समुपदेशक, बचतगटांचं उमेद, पोलीस ठाण्यातले महिलांसाठीचे विशेष कक्ष, इथे एमएसडब्ल्यूची मुलं बरीच असतात, पण यातल्या बऱ्याच नोकऱ्या कंत्राटी. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक दिवसाचा खंड, मग परत ऑर्डर, आणि पगार कधी कधी दोन-दोन महिने रखडतो. हे माहीत असलेलं बरं. कंपन्यांचं बघायचं तर २५० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी ठेवावा लागतो, २०२५ ला लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत तसं आहे, आधी १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात हा आकडा ५०० होता, आणि मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सीएसआरवर, म्हणजे समाजासाठीच्या कामांवर, खर्च करावे लागतात, तिथे पगार बरे असतात. कल्याण अधिकाऱ्यासाठी कुठलं स्पेशलायझेशन चालतं ते झिलाला दुसऱ्या वर्षाचा विषय निवडायच्या आधीच बघायला सांगा, नंतर धावपळ करून उपयोग नाही. लोकांना सांगा हॉस्पिटलात आणि कोर्टात लागतो तसला साहेब होतोय.

प्रश्न : फील्डवर्कचं रेकॉर्डिंग इंग्रजीतच लिहावं लागतं का? माझं इंग्रजी कच्चं आहे आणि वस्तीतले लोक मालवणीत बोलतात, ते इंग्रजीत लिहिलं की काहीच राहत नाही.

उत्तर : कॉलेजवर आहे. महाराष्ट्रातल्या बऱ्याच ठिकाणी मराठीत चालतं, मुंबईतल्या काही ठिकाणी इंग्रजी मागतात. इंग्रजीच मागितलं तरी त्या माणसाचं वाक्य तो जसं बोलला तसंच आधी लिही, देवनागरीत, आणि खाली तुझ्या साध्या इंग्रजीत अर्थ. बहुतेक सुपरवायझरना ते आवडतं, कारण तू खरंच ऐकलंस हे त्यात दिसतं. इंग्रजी वाचायची सवय मात्र ठेव, वाचनाची यादी अर्ध्याहून जास्त इंग्रजीत असते आणि तिथे कोणी सूट देत नाही. आणि त्याच रात्री लिही, रविवारी बसून चार दिवसांचं एकदम लिहिलेलं कळतं.